शब्दचर्चा : बिबट्या उसाला ‘सरावला’, की उसात ‘उत्क्रांत’ झाला?

प्रश्न

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातील बिबट्यांविषयी एक टिपण लिहीत असताना ‘उसात राहता यावे म्हणून बिबट्याने स्वतःला उत्क्रांत केले’ असे वाक्य माझ्या हातून लिहिले गेले. एका जाणकार स्नेह्यांनी ते खोडून ‘बिबट्या उसाला सरावला’ असे केले. या दोहोंत खरोखर अर्थाचा फरक आहे, की एक शब्द संस्कृत वळणाचा आणि दुसरा बोलण्यातला, एवढेच? ‘माणसाळणे’ आणि ‘अनुकूलन’ हे शब्दही इथे चालतील का?

उत्तर

फरक अर्थाचाच आहे, आणि आपल्या स्नेह्यांनी केलेली दुरुस्ती योग्य आहे.

‘सरावणे’ या क्रियापदाचा कर्ता एकच जीव असतो आणि क्रिया त्याच्याच आयुष्यात पुरी होते. बैल जुवाला सरावतो, नवी सून घराला सरावते. उसातला बिबट्या नेमका असाच आहे. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो. त्यात सावली असते, पाणी असते आणि फडाच्या बाहेर पडले की कुत्री, शेळ्या, डुकरे मिळतात. मादी तिथेच विते. तोड सुरू झाली की पाचटात डोळेही न उघडलेली पिल्ले सापडतात. ती एखाद्या क्रेटमध्ये घालून संध्याकाळी बांधावर ठेवली की अंधार पडल्यावर आई येते आणि मानगुटीला धरून एकेक पिल्लू शेजारच्या न तोडलेल्या फडात नेते. दिवसा दडून राहणे, मोटारपंपाच्या आवाजाला न बुजणे, वस्तीवरचे दिवे मालवल्यावर बाहेर पडणे हे सारे ते पिल्लू आईच्या मागे फिरत शिकते. यात शरीराची घडण कुठेही बदललेली नाही. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा शेतीच्या मुलखात त्यांना दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. हे बिबटे सह्याद्रीच्या रानातल्या बिबट्यांहून वेगळे घडलेले नव्हते. तेच जनावर इथे वेगळ्या रीतीने राहत होते.

‘माणसाळणे’ मात्र इथे लावू नये. त्या शब्दात भीती जाणे आणि लळा लागणे या दोन्ही गोष्टी येतात. माणसाची चाहूल लागताच फडात शिरणारा बिबट्या माणसाळलेला नाही. गडकिल्ल्यांवर पर्यटकांच्या हातातली पिशवी ओढणाऱ्या माकडांनाही मी माणसाळलेली म्हणणार नाही. त्यांच्यासाठी आपल्याकडे ‘सोकावणे’ हा अचूक शब्द आहे, आणि ‘काळ सोकावतो’ या म्हणीमुळे त्यातला धोक्याचा सूरही सर्वांच्या ओळखीचा आहे. ‘चटावणे’ त्याच्याही पुढचा आहे. ‘चटावलेला बिबट्या’ असे छापून आले की पिंजरा लावण्याची मागणी होते, म्हणून माणसावरील हल्ल्यांचा निश्चित पुरावा असल्याशिवाय तो शब्द कोणत्याही जनावराला चिकटवू नये, असे मला कळकळीने वाटते.

आता ‘उत्क्रांती’. उत् म्हणजे वर किंवा बाहेर, आणि क्रम् म्हणजे पाऊल टाकणे. ब्रह्मसूत्रांत हा शब्द जीवाने देह सोडून बाहेर पडणे या अर्थी येतो. जीवशास्त्रासाठी हिंदीने ‘क्रमविकास’ घेतला, बंगालीने ‘विवर्तन’, तर मराठीत आणि गुजरातीत ‘उत्क्रांती’ रुळला. ‘उत्’मुळे त्यात चढणीचा भास होतो आणि जीव जणू पायरी चढून वर गेला असे वाटते, त्या दृष्टीने बंगालीतला ‘विवर्तन’ मला अधिक नेमका वाटतो. पण शब्द रुजला आहे. त्याचा कर्ता मात्र नीट ठरवायला हवा. उत्क्रांती एका जनावराची होत नाही, ती पिढ्यांची होते. म्हणून ‘बिबट्याने स्वतःला उत्क्रांत केले’ हे वाक्य व्याकरणात बसले तरी अर्थात बसत नाही. मराठीत ‘जुळवून घेणे’, ‘बदलून घेणे’ यांतला ‘घेणे’ करणाऱ्याची इच्छा दाखवतो; उत्क्रांतीला ‘बदलत जाणे’ यातला ‘जाणे’ शोभतो, कारण तिथे इच्छा करणारा कोणी नसतो.

खरोखर ‘उत्क्रांत’ म्हणता येईल असे शहरी उदाहरण हवे असेल तर ते कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावर आहे. तिथला अनोल सरडा रानात झाडांच्या खोडांवर राहतो आणि शहरांत रंगवलेल्या गुळगुळीत भिंतींवर. क्रिस्टिन विंचेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले की शहरातील सरड्यांचे पाय रानातील सरड्यांपेक्षा लांब असतात आणि बोटांखालच्या, पकड घेणाऱ्या आडव्या पट्ट्याही अधिक असतात. एवढ्यावरून उत्क्रांती सिद्ध होत नाही, कारण लहानपणापासून भिंतीवर पळून पाय लांब झाले असतील, असे कोणीही म्हणू शकेल. म्हणून त्यांनी दोन्हीकडच्या माद्यांची अंडी प्रयोगशाळेत आणून पिल्ले एकाच वातावरणात वाढवली. भिंत कधी न पाहिलेल्या शहरी पिल्लांतही तो फरक उरला. ‘सरावणे’ आणि ‘उत्क्रांत होणे’ यांच्यामधली सीमारेषा या एका प्रयोगात जितकी स्पष्ट दिसते तितकी मला कोणत्याही शब्दकोशात दिसलेली नाही.

याच संदर्भात ‘नैसर्गिक निवड’ या शब्दाची बाजू घ्यावीशी वाटते. ‘निवड म्हटले की निवडणारा कोणीतरी आला’ असा आक्षेप त्यावर नेहमी घेतला जातो. परंतु आपल्या घरांत ‘निवडणे’ हे आधी धान्याचे असते. माझी आजी उन्हाच्या कवडशात बसून, सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडायची. तिचे बोट चांगल्या दाण्याला कधी लागत नसे, खडा, भात आणि किडका दाणा तेवढा बाजूला होत असे. एकही दाणा बदललेला नसे, तरी सुपात उरलेले धान्य आधीच्यापेक्षा वेगळे असे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात रस्त्यांच्या पुलांखाली मातीची घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांचा चार्ल्स ब्राउन आणि मेरी बॉम्बर्गर ब्राउन यांनी १९८२ पासून तीस वर्षे अभ्यास केला. वाहनांच्या धडकेने मरणाऱ्या पाकोळ्यांची संख्या वर्षांगणिक घटत गेली, आणि जिवंत पाकोळ्यांचे पंख सरासरीने आखूड होत गेले. रस्त्यावर मरून पडलेल्यांचे पंख मात्र त्यांच्याहून लांब होते. आखूड पंखांच्या पाकोळीला झटकन वर उठता येते, वळता येते. इथे कोणत्याही पाकोळीने पंख आखडून घेतले नाहीत. बाद होणाऱ्या बाद झाल्या आणि उरलेल्यांची पिले वाढली, एवढेच घडले असावे. ‘निवड’ हा शब्द मला इथे अगदी चपखल वाटतो.

प्रतिप्रश्न

मग मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या आणि उसातला बिबट्या पुढेमागे वेगळ्या ‘प्रजातीं’चे होतील का? अंतर तर फार नाही.

उत्तर

अंतर थोडे की फार, हे ते ओलांडणाऱ्यावर ठरते. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराला रेडिओपट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. ‘आजोबा’ या नावाने प्रसिद्ध झालेला तो बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. असा प्राणी जिथे जाईल तिथे वीण होते आणि दोन्हीकडचे रक्त मिसळत राहते; वेगळेपण साठायला वाव मिळत नाही.

उंदराचे तसे नाही. ॲरिझोना आणि मेक्सिको यांच्या सीमेवर पिनाकाते येथे काळ्या लाव्ह्याचे पट्टे फिकट वाळवंटी खडकाला लागून आहेत. तिथल्या एकाच जातीच्या, गालात पिशव्या असलेल्या उंदरांपैकी काळ्या खडकावरचे बहुतेक काळे आणि फिकट खडकावरचे बहुतेक फिकट असतात. २००३ मध्ये मायकल नाकमन आणि सहकाऱ्यांनी तो रंग एमसी-वन-आर या जनुकातील बदलांशी जोडून दाखवला. घुबडाच्या नजरेतून जो सुटला त्याचा रंग पुढे गेला. आपल्याकडे भाषा बारा कोसांवर बदलते असे म्हणतात. इथे उंदराचा रंग त्याहून किती तरी कमी अंतरात बदलतो. न्यूयॉर्क शहरातील उद्यानांमधल्या पांढऱ्या पायांच्या उंदरांतही असेच झाले आहे: मधल्या रस्त्यांनी आणि इमारतींनी त्यांना इतके तोडले आहे की एका उद्यानातले उंदीर दुसऱ्या उद्यानातल्यांपासून जनुकांवरून ओळखता येतात.

तरीही हे उंदीर वेगळ्या ‘जाती’चे, म्हणजे आपण विचारलेल्या ‘प्रजाती’चे, झालेले नाहीत. अशा भेदासाठी ‘स्थानिक वाण’ म्हणावे असे मी सुचवतो. आंबेमोहोर आणि इंद्रायणी आपण वेगळे ओळखतो, पण दोन्हींना तांदूळच म्हणतो, त्यातलाच हा प्रकार समजावा.

राहिला ‘अनुकूलन’. हा शब्द शिकण्यालाही लावतात आणि पिढ्यांच्या बदलालाही, म्हणून त्याच्याआधी ‘वर्तनातील’ किंवा ‘आनुवंशिक’ असे विशेषण जोडावे. नेदरलँड्समधील लायडन शहरात गोंगाटाच्या जागी राहणारे ग्रेट टिट पक्षी आपल्या गाण्यातले खालचे सूर वर चढवतात, असे २००३ मध्ये दिसून आले. हे पक्षी गाणे ऐकून शिकतात, तेव्हा ‘वर्तनातील अनुकूलन’ म्हणणे तूर्त पुरेसे आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या डासाची गोष्ट याहून निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे आसरा घेतलेल्या लोकांना चावणारा हा डास शंभर-सव्वाशे वर्षांत त्या भुयारातच उत्क्रांत झाला, असे अनेक वर्षे सांगितले जात असे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र त्याचे मूळ हजाराहून अधिक वर्षे मागे, भूमध्य समुद्राच्या परिसरातील मानवी वस्त्यांत असल्याचे दाखवले. त्याच्याविषयी लिहायचे झाल्यास ‘हा डास भुयारात उत्क्रांत झाला’ याऐवजी ‘माणसाशेजारी आधीच घडलेला डास भुयारात येऊन वसला’ असे लिहावे.