एसडब्ल्यूआर १.१ येतोय तरी सगळे म्हणतात आवाज खराब, अँटेना चांगला की वाईट हे ठरवायचं कसं?

गच्चीवरचा_कावळा (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. हॅम रेडिओचं लायसन्स हातात येऊन जेमतेम सहा महिने झालेत, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

कोथरूडला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दोन मीटर बँडसाठी स्लिम जिम अँटेना लावलाय, घरीच बनवलेला, पीव्हीसी पाइपात. तिथून खाली दुसऱ्या मजल्यावर माझ्या खोलीपर्यंत आरजी ५८ केबल, साधारण २२ मीटर. ती गेल्या मे महिन्यात टाकली. रेडिओ म्हणजे ५ वॅटची चायनीज हँडी. एसडब्ल्यूआर (पॉवर किती परत येते त्याचं माप, १ म्हणजे काहीच परत नाही) १४५ मेगाहर्ट्झला १.१ दाखवतो, मी खूश होतो एकदम, सोसायटीच्या चेअरमनला पटवायला दोन आठवडे घातले होते त्याचं सार्थक झालं असं वाटलं.

पण रिपीटरवर (आपला सिग्नल ऐकून पुढे जोरात सोडणारं डोंगरावरचं स्टेशन) गेलो की कोणी म्हणतं फाइव्ह नाइन आहेस, म्हणजे जोरात आणि स्पष्ट, कोणी म्हणतं आवाज बारीक येतोय, कोणी म्हणतं मागे खरखर आहे. आणि कहर म्हणजे हँडी घेऊन गच्चीत उभा राहिलो, सोबत आलेला रबर डक, म्हणजे बोटभर रबरी अँटेना, लावला, तर तेच लोक म्हणतात आता मस्त येतोय! मग दीड मीटरचा अँटेना कशाला टांगला मी? हडपसरचा एक मित्र सिंप्लेक्सवर (रिपीटरशिवाय, थेट) ऐकतो, तो नुसतं "ओके ओके" म्हणतो.

अँटेना बदलू का? पाच अष्टमांश लाटेचा घेऊ का? की हँडीच बदलायची?

जुना_शॅक (रविवार, रात्री १०:२५)

अरे काही बदलू नकोस, आधी खिशातला हात बाहेर काढ.

पहिली गोष्ट, तो एसडब्ल्यूआर. ५० ओमचा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, पॉवर नुसती तापवून संपवणारा) लाव, मीटर १.० दाखवेल, मग काय डमी लोडवरून हडपसर लागतं का? एसडब्ल्यूआर एवढंच सांगतो की केबलच्या या टोकाला पॉवर परत किती येतेय. परत न आलेली पॉवर हवेत गेली की केबलमध्येच तापून संपली हे त्या बिचाऱ्या मीटरला कळत नाही. आणि दोनाच्या खाली असेल तर त्याच्यासाठी झोप घालवू नये, दोनला ११ टक्के परत येते फक्त, समोरच्याच्या कानाला ते कळतही नाही.

दुसरी गोष्ट नवीन पोरांना कोणी सांगतच नाही. रिपीटरवर तुला मिळालेला फाइव्ह नाइन हा तुझा नाहीच, तो रिपीटरचा आहे. ऐकणाऱ्याच्या मीटरवर काट्या दिसतात त्या डोंगरावरच्या रिपीटरच्या स्वतःच्या सिग्नलच्या. तू ५ वॅटने जा नाहीतर ५० ने, त्याचा काटा हलणार नाही. तुझा सिग्नल रिपीटरपर्यंत कसा पोचतोय हे फक्त तुझ्या आवाजामागच्या खरखरीवरून कळतं. म्हणून रिपीटरवर "माझा सिग्नल किती" असं विचारू नये, "माझ्या आवाजामागे शांत आहे का खरखर आहे" असं विचारावं. आपल्याकडे सवयीने फाइव्ह नाइन वाटतात, लग्नात अक्षता वाटल्यासारखे.

तिसरं. एफएमची गंमत अशी की सिग्नल एका पातळीच्या वर गेला की मागची खरखर पूर्ण बंद होते, त्याच्यावर दहापट जास्त सिग्नल आला तरी कानाला काही फरक नाही. म्हणजे दोन्ही अँटेना त्या पातळीच्या वर असतील तर दोन्ही "मस्तच" वाटणार. खरी तुलना करायची तर सिग्नल मुद्दाम पाडावा लागतो, खरखर जेमतेम सुरू होईल तिथपर्यंत. तिथे अर्ध्या-एक डीबीचाही (डेसिबल, सिग्नलच्या कमीजास्तीचं माप) फरक ऐकू येतो.

तर असं कर. हडपसरच्या मित्राला सिंप्लेक्सवर घे, त्याला स्क्वेल्च (खरखर दाबून ठेवणारं सेटिंग) पूर्ण उघडा ठेवायला सांग आणि त्याचा अँटेना काढून पेपरक्लिप किंवा काहीतरी तुटपुंजं लावायला सांग, सिग्नल खरखरीत येईपर्यंत. मग तू अँटेना पटापट बदल, पाच-दहा सेकंदात, आणि त्याला सांगू नकोस कुठला लावलाय, फक्त "अ" आणि "ब" म्हण. माणूस नवीन अँटेनाचं नाव ऐकलं की त्याला आपोआप चांगलं ऐकू येतं, हे मी स्वतःवर अनुभवलंय. आणि एकाच जागेवरून निकाल लावू नकोस, दोन मीटरवर लाट दोन मीटरची, बिल्डिंगांवर आपटून येणारे सिग्नल एकमेकांत मिसळतात, मित्राने अर्धा मीटर बाजूला पाऊल टाकलं तरी चित्र बदलतं. त्याला चार-पाच ठिकाणी उभं कर.

मोजायला यंत्र नसेल तर हँडीच यंत्र आहे. हाय ५ वॅट, लो १ वॅट असेल तर मधलं अंतर ७ डीबी. अ अँटेनाने लो वर जसं ऐकू येतं तसंच ब ने हाय वर ऐकू येत असेल तर अ हा ७ डीबीने सरस. हँडीच्या स्क्रीनवरच्या काट्यांवर विश्वास ठेवू नको, त्या दिवाळीच्या माळेसारख्या आहेत, लागल्या तर सगळ्या लागतात.

आणि हे सगळं सिंप्लेक्सवर कर रे, रिपीटर अडवून नको. कॉलसाइन (आपल्या स्टेशनचं नाव) सांगायला विसरू नको.

सोल्डरताई (सोमवार, सकाळी ७:१०)

काकांनी सिग्नलचं सांगितलं, मी आवाजाचं सांगते कारण तुझ्या पोस्टमध्ये दोन वेगळ्या तक्रारी एकात मिसळल्यात आणि तुझ्या ते लक्षात आलेलं नाही. "बारीक येतोय" आणि "मागे खरखर आहे" हे एक नाही! खरखर म्हणजे सिग्नल कमी, अँटेना-केबल-जागा यांचा प्रश्न. बारीक, पण मागे शांतता, म्हणजे सिग्नल ठीक आहे, माइक किंवा डेव्हिएशनचा (आवाजाने फ्रीक्वेन्सी किती हलते त्याचा) प्रश्न, तिथे तू सिंहगडावर जाऊन अँटेना लावलास तरी बारीकच येणार. मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज असेल तर माइकच्या भोकावर काहीतरी आलंय. आणि जोरात बोलल्यावरच आवाज फाटत असेल तर डेव्हिएशन जास्त आहे किंवा फ्रीक्वेन्सी सरकलीय.

माझा अंदाज सांगू का, तू मेमरीतले चॅनेल कॉम्प्युटरवरून चर्प नावाच्या सॉफ्टवेअरने भरलेस ना? त्यात मोडच्या रकान्यात एनएफएम पडलं असेल. एनएफएम म्हणजे नॅरो, डेव्हिएशन अडीच किलोहर्ट्झपर्यंत, आपल्याकडचे सगळे वाइडवर म्हणजे पाचवर ऐकतात, त्यामुळे तुझा आवाज निम्मा. लोक मग व्हॉल्यूम वाढवतात आणि त्याबरोबर खरखरही वाढते, म्हणजे तुझी एक तक्रार दुसरीला खतपाणी घालते. गच्चीत रबर डक लावलास तेव्हा फ्रीक्वेन्सी हाताने टाकली होतीस की मेमरीतून? हाताने टाकली असशील तर तू एका वेळी अँटेनाही बदललास आणि मोडही. मग कोणाला श्रेय द्यायचं?

माइक ओठांपासून तीन-चार बोटं, आणि सरळ भोकात फुंकू नको, थोडं तिरकं बोल. त्या हँडीचं माइकचं भोक टाचणीच्या डोक्याएवढं असतं, कव्हर घातलं असशील तर आधी ते काढून बघ, माझ्या भावाने चामड्याच्या कव्हरमध्ये सहा महिने घुसमटत काढले.

आणि मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्डिंग पाठवलं तर त्यावरून आवाजाचा दर्जा ठरवू नको. फोन स्वतःच आवाज वरखाली करतो, वर व्हॉट्सअ‍ॅप त्याला पिळून काढतं. आरटीएल एसडीआर डाँगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर) असेल तर डमी लोडवर लो पॉवर लावून डाँगल शेजारच्या खोलीत ठेव, हेडफोन घाल आणि स्वतःलाच ऐक. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटते, ती वाटू दे.

चाळीस_मीटर (सोमवार, दुपारी १:३०)

व्हीएचएफवर, म्हणजे तुमच्या दोन मीटरवर, एवढं तरी सोपं आहे रं, एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) या म्हणजे कळंल. ७ मेगाहर्ट्झला अ लावला की फाइव्ह नाइन, ब लावेपर्यंत सिग्नल आपोआप खाली, परत अ लावला तर तोही खाली. आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा थर, सिग्नल परत खाली पाठवणारा) काय तुमच्या टेस्टसाठी थांबत नाही. म्हणून मी दोन्ही अँटेनावर आलटून पालटून डब्ल्यूएसपीआर (कमी पॉवरचा आपोआप जाणारा चाचणी सिग्नल, जगभरची स्टेशनं तो किती ऐकू आला ते नेटवर टाकतात) सोडतो रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी डीबीचे आकडे बघतो, एकाच स्टेशनने दोन्ही कसे ऐकले ते. माझा २० मीटर लांबीचा डायपोल (आडव्या तारेचा अँटेना) सात मीटर उंचीवर आहे, त्यावर अख्खा महाराष्ट्र दणक्यात येतोय, आणि व्हर्टिकलवर (उभ्या अँटेनावर) तेच लोक बारीक पण लांबचे परदेशी चांगले. आता यात चांगला कुठला? कुणाशी बोलायचंय ते आधी सांगा.

आणि एस मीटर (रेडिओवरचा सिग्नलचा काटा) वर गेला म्हणून नाचू नका, आमच्या कॉलनीत सोलरचे इन्व्हर्टर बसल्यापासून रिकाम्या बँडवर पण एस सेव्हन येतोय. सिग्नल आणि नॉइज यांच्यातला फरक बघायचा, नुसता काटा नाही. बास एवढंच, जेवायला बोलवतायत.

गच्चीवरचा_कावळा (सोमवार, रात्री ८:५०)

ताई तुमच्या पाया पडतो. मेमरी उघडली तर रिपीटरचे सगळे चॅनेल एनएफएम!! एका ग्रुपवर मिळालेली यादी जशीच्या तशी भरली होती. आणि हो, गच्चीत मी हाताने फ्रीक्वेन्सी टाकली होती, रिपीटर उघडणाऱ्या टोनसकट. वाइड केलं, कव्हर काढलं, लगेच दोन जणांनी न विचारता सांगितलं की आज आवाज भरून येतोय.

पण खरखर आहेच. काका, तुम्ही म्हणालात तशी मित्रासोबत टेस्ट केली, त्याने खरंच पेपरक्लिप लावली. घरातून स्लिम जिम आणि गच्चीतून रबर डक, त्याला नावं न सांगता, चार जागांवर. तीनदा तो म्हणाला सारखंच आहे, एकदा रबर डक सरस. दीड मीटरचा अँटेना आणि बोटभर रबर सारखे कसे काय असतील? एसडब्ल्यूआर अजूनही १.१ च.

जुना_शॅक (सोमवार, रात्री ९:३०)

तो १.१ च तुझा चोर आहे. घरी बनवलेला स्लिम जिम, वर पाण्याची टाकी, बाजूला पत्रा, आणि १.१? मला पहिल्या दिवशीच संशय होता.

नॅनोव्हीएनए (अँटेना-केबल तपासायचं छोटं यंत्र) कोणाकडून तरी आण. गच्चीवर जाऊन अँटेना केबलपासून सोड, केबलचं टोक उघडं ठेव, खाली येऊन एसडब्ल्यूआर बघ. वर काहीच नाहीये, म्हणजे सगळी पॉवर परत यायला हवी, केबल बिनतोट्याची असती तर मीटर वरच्या टोकाला चिकटला असता. पण जाताना काही खाल्ली, येताना काही खाल्ली, म्हणून आकडा खाली येतो. २२ मीटर चांगल्या आरजी ५८ ला १४५ वर साधारण चार-साडेचार डीबी जातात, त्या हिशोबाने सव्वादोनच्या आसपास दिसायला हवं. त्याहून कमी दिसलं तर केबल आजारी. हँडीने नको करू हे, उघड्या टोकावर पीटीटी (बोलायचं बटण) दाबत बसशील आणि फायनल, म्हणजे पॉवर सोडणारा शेवटचा ट्रान्झिस्टर, उडवशील.

गच्चीवरचा_कावळा (शनिवार, संध्याकाळी ६:१५)

अपडेट. नॅनोव्हीएनए मिळाला, अँटेना सोडून उघड्या टोकावर एसडब्ल्यूआर आला १.५. वर काहीच लावलेलं नाही आणि मीटर म्हणतोय झकास! म्हणजे केबलच एका बाजूला ७ डीबी खातेय, ५ वॅट टाकले की वर पोचतोय १ वॅट. ऐकतानाही तेवढंच मरतंय.

मग वरचा कनेक्टर उघडला. आत हिरवट पीठ, जाळी काळी पडलेली, कातडं सोलत मागे गेलो तर हातभर मागेपर्यंत काळीच, पिळली तर ओलसर. मी वरून सिलिकॉन थापलं होतं, बाथरूमचं, तेच ते आंबूस वासाचं.

सोल्डरताई (शनिवार, संध्याकाळी ६:४०)

तो वास अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा, व्हिनेगरचा. ते सिलिकॉन तांबं खातं रे! पाणी आत जाऊ नये म्हणून लावलंस आणि आत आम्लच भरलंस. कनेक्टरला ताणून लावायची रबरी सेल्फ अमालगमेटिंग टेप मिळते ती गुंडाळ, वरून साधी काळी टेप, आणि कनेक्टरच्या खाली केबलला एक लोंबता वळसा दे म्हणजे पाणी तिथून टपकून जाईल.

गच्चीवरचा_कावळा (रविवार, दुपारी १२:३०)

झालं. एका ओळखीच्या काकांकडून आरजी २१३ घेतली, जुनीच पण कोरडी, तेवढीच २२ मीटर. खिडकीतून आत घ्यायला मारामारी झाली, अंगठ्याएवढी जाड आहे, आई म्हणाली पाण्याचं कनेक्शन घेतोयस का. उघड्या टोकावर आता साडेचार एसडब्ल्यूआर. अँटेना जोडल्यावर मात्र १.४ येतोय, म्हणजे मीटरच्या हिशोबाने मी आधीपेक्षा वाईट झालोय. ☺

मित्राला परत पेपरक्लिप लावायला लावली. आता लो वर १ वॅटला जवळपास तसं ऐकू येतं जसं आधी हाय वर यायचं, थोडंसं कमी असेल. रबर डक चारही जागांवर हरला.

हडपसरचा_श्रोता (रविवार, दुपारी १२:५५)

तोच मित्र मी. आठवडाभर पेपरक्लिप लावून बाल्कनीत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नाचतोय, शेजारच्या काकू विचारत होत्या सगळं ठीक आहे ना.

रिपोर्ट देतो. मागे एकदम शांत, इतकं की आत्ता तू बोलत होतास तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात कुकरच्या चार शिट्ट्या मोजल्या मी. जा, गॅस बंद कर.