एक सीझन झालेली कुंडीतली जिवंत माती: टाकून द्यायची की परत वापरायची?

गच्चीकर

मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. 40 लिटरच्या ग्रो बॅगा आहेत माझ्याकडे. मागच्या सीझनला त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत, थोडं जुनं शेणखत, निंबोळी पेंड आणि हवा खेळती राहावी म्हणून पर्लाइट (हलके पांढरे दाणे) असं मिश्रण भरलं होतं. टोमॅटो एकदम जोरात आले, बाटलीतलं खत एक थेंबही घातलं नाही. मग मधे काही काळ बॅगा तशाच रिकाम्या पडून होत्या आणि आता त्याच मातीत मिरच्या लावल्यात तर मजा नाही येत. माती चांगली चार बोटं खाली बसलीय, पाणी घातलं की कडेकडेने सुर्रकन खाली निघून जातं आणि मधे बोट घातलं तर कोरडं, झाडांची खालची पानं पिवळी पडतायत, बॅगेच्या काठाला पांढरा खरपुडा जमलाय आणि वरून मल्च (वाळक्या पानांचं पांघरूण) बाजूला केला की बारीक पांढरे किडे टुणटुण उड्या मारतात.

सगळीकडे वाचतो की जिवंत माती (म्हणजे आतल्या जिवाणूंच्या जोरावर झाडाला खायला घालणारी) वर्षानुवर्षं चालते, उलट सुधारत जाते. मग माझी का बिघडली? टाकून देऊन नवीन भरू का? आणि परत वापरायची असेल तर नक्की काय घालायचं, किती घालायचं आणि झाड लावण्याआधी किती थांबायचं?

मातीत_हात

टाकू नका हो, टाकण्यासारखं काहीच सांगितलं नाहीत तुम्ही. पण खत घालायच्या आधी पाण्याचं बघा, कारण माती मधे कोरडी असेल तर वर सोन्याचं खत टाकलंत तरी उपयोग नाही. सेंद्रिय मिश्रण एकदा कडकडीत सुकलं की पाणी धरतच नाही, माती आकसून बॅगेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून पळतं. आपल्याला वाटतं भरपूर पाणी घातलं. आणि ज्या जिवाणूंच्या जोरावर हे सगळं चालतं ते ओलाव्याच्या पातळ थरात जगतात, तो थर गेला की मेले नाहीत तरी झोपून जातात, म्हणजे खत असूनही झाडाला काही मिळत नाही. बॅग एका टबमध्ये ठेवून खालून पाणी प्यायला द्या, वरपर्यंत ओल आली की काढा आणि पूर्ण निथळू द्या. नंतर एकदम बादली ओतण्यापेक्षा थोडं थोडं, थांबून थांबून पाणी. पुढे कधीच पूर्ण सुकू द्यायची नाही, झाड नसलं तरी. बॅगा रिकाम्या ठेवल्या होत्या म्हणालात ना, तिथेच अर्धं कोडं सुटतंय.

माती खाली बसली त्यात काही बिघडलेलं नाही. कंपोस्ट, शेणखत हे जिवाणू खातात आणि त्यातला बराचसा कार्बन वायू होऊन हवेत जातो, म्हणून आकारमान कमी होतं. यात लोक चुकतात ते असं की जागा रिकामी दिसली की वरून नुसतं गांडूळखत ठासतात. गांडूळखत बारीक असतं, जुनं कोकोपीटही आता झिजून बारीक झालेलं असतं, दोन्ही मिळून चिखल होतो आणि मुळांना हवा मिळत नाही. नवीन मिश्रणात ढोबळमानाने एक भाग कोकोपीट, एक भाग कंपोस्ट आणि एक भाग हवेसाठीचं जाडंभरडं सामान (पर्लाइट, प्यूमिस, भाताचं तूस, काहीही) असतं. पर्लाइट कुजत नाही पण चुरा होतो, तूस तर हळूहळू कुजतंच. त्यामुळे भर घालताना जेवढं कंपोस्ट तेवढंच जाडंभरडं सामान, हे माझं गणित. बॅगेच्या तळाशी खडे घालून निचरा होतो म्हणतात ते मात्र विसरा, बारीक मातीतलं पाणी खड्यांच्या थरात सहजी उतरत नाही, उलट त्याच्या वरच अडून राहतं आणि मुळांची जागा कमी होते.

आता पिवळेपणा. खालची, म्हणजे जुनी पानं आधी पिवळी होतायत, म्हणजे बहुतेक नायट्रोजन कमी पडतोय, कारण झाड जुन्या पानातला नायट्रोजन काढून नव्या पानांना देतं. (शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं असतं तर लोहाची भानगड, आणि ती बऱ्याचदा मातीचा पीएच (आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) साडेसातच्या वर गेल्यामुळे होते, माती जास्त ओली राहिली तरी होते.) टोमॅटो खादाड झाड, त्याने घेऊन टाकला. निंबोळी पेंडेत साधारण 4 ते 5 टक्के नायट्रोजन असतो, 28 लिटर मातीला अर्धा कप पुरे. म्हणजे तुमच्या एका बॅगेला पाऊण कपाच्या आत. उभं झाड असेल तर ती खोडापासून लांब, वरच्या मातीत हलकेच मिसळा, वर गांडूळखताचा बोटभर थर आणि त्यावर मल्च. दर पाच सहा आठवड्यांनी परत, पण झाडाकडे बघून, कॅलेंडरकडे बघून नाही. आणि आज घातलं की उद्या हिरवं होणार नाही. जिवाणू ती पेंड खातात, त्या जिवाणूंना प्रोटोझोआ (एकपेशी जीव) आणि सूत्रकृमी (दोऱ्यासारखे बारीक जंत) खातात, त्यांच्या पोटातून जास्तीचा नायट्रोजन अमोनियम म्हणून बाहेर पडतो आणि तेव्हा तो मुळांना मिळतो, एवढी साखळी आहे मधे. पंधरा दिवस तरी धीर धरा. पिवळी झालेली पानं परत हिरवी होत नाहीत, नवीन पानं बघायची.

उड्या मारणारे किडे स्प्रिंगटेल. बुरशी आणि कुजकं खातात, झाडाला काही करत नाहीत, असू द्यात.

पांढरा खरपुडा म्हणजे क्षार. पाणी जड असेल किंवा कोकोपीट न धुतलेलं असेल तर होतो. वरचा खरवडून टाका आणि एकदा बॅगेच्या आकाराच्या दुप्पट पाणी सावकाश सोडून धुवून काढा. त्यात नायट्रेटही वाहून जातं, म्हणून आधी धुणं, मग खत. उलट क्रमाने केलंत तर खत खालच्या ताटलीत.

मुळंबिळं

वरच्यांचं पाण्याचं शंभर टक्के पटलं पण माती उपसून सगळं परत कालवण्याच्या मी विरोधात आहे. झाड संपलं की खोड मातीलगत कापायचं आणि मुळं आतच ठेवायची. ती कुजली की जिथे होती तिथे पोकळ नळ्या राहतात, हवा आणि पाणी त्यातूनच जातं, शिवाय बुरशीचं जे जाळं झालेलं असतं ते दर वेळी खुरपं घालून तोडायचं कशाला? वरून कंपोस्ट, वरून मल्च, थोडी गांडुळं सोडायची, बास. आणि बॅग रिकामी ठेवायचीच नाही. मुख्य झाड नसेल तेव्हा घेवडा, मेथी असलं काहीतरी दाट पेरायचं आणि फुलावर यायच्या आत कापून तिथेच पांघरायचं. जिवंत मूळ मातीत असलं की ते साखरेसारखे पदार्थ सोडत राहतं आणि जिवाणू त्यावर जगतात, हे कुठलंही पोतं आणून होत नाही.

मल्चबद्दल एक. वाळकी पानं, गवत वरून पसरायला काही हरकत नाही, पण लाकडाचा भुसा मातीत मिसळू नका. त्यात कार्बन प्रचंड आणि नायट्रोजन जवळपास नाहीच, त्यामुळे तो कुजवताना जिवाणू मातीतला नायट्रोजन स्वतःच ओढून घेतात आणि झाड उपाशी. वर पसरला तर हा त्रास वरच्या पातळ थरापुरताच राहतो.

मातीत_हात

मुळंबिळं, जमिनीत आणि मोठ्या वाफ्यात तुमचं बरोबर आहे, 100 लिटरच्या वरच्या बॅगेतही चालेल. पण 40 लिटरमध्ये चार बोटं खचलेली, घट्ट झालेली माती असेल तर वरून घातलेलं पर्लाइट वरच राहणार ना, खाली हवा कशी जाणार? माझं मत, मिरच्या आत्ता उभ्या आहेत तोवर वरूनच खायला घाला, आणि त्या संपल्या की एकदा पूर्ण उपसा, ढेकळं मोडा, जाडंभरडं आणि कंपोस्ट मिसळा आणि मग तुमच्या पद्धतीने पुढचे दोन तीन सीझन हात लावू नका.

मिसळल्यावर मात्र लगेच रोप नाही लावायचं, हे गच्चीकरांनी विचारलं होतं ते राहिलंच. पेंड ताजी मिसळली की कुजताना गरम होते, अमोनिया सुटतो, कोवळी मुळं जळतात. हाताने दाबलं तर गोळा होईल पण पाणी टपकणार नाही एवढी ओली ठेवून, सावलीत, वर गोणपाट टाकून दोन ते चार आठवडे मुरू द्या. आत हात घालून बघत जा, गरम लागत असेल तर अजून वेळ आहे. गार झाली आणि पहिल्या पावसासारखा वास आला की लावा. आंबट किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी पडलीय, उलथीपालथी करा आणि पाणी थांबवा.

बाटलीबंद

माझे दोन पैसे. हे सगळं करताना जिवाणूंची पाकिटं, मायकोरायझाच्या (मुळांशी जोडी जमवून त्यांना फॉस्फरस आणून देणारी बुरशी) डब्या, अमुक अर्क तमुक अर्क यांच्या मागे लागू नका. चांगलं कुजलेलं कंपोस्ट एक मूठ घेतलं तरी त्यात पाकिटापेक्षा किती तरी जास्त प्रकारचे जीव असतात. मायकोरायझा टाकायचाच असेल तर रोप लावताना थेट मुळांना लागेल असा टाका, वर भुरभुरवून फायदा नाही, आणि कोबी, मोहरी, पालक या मंडळींशी तो जुळतच नाही, तिथे पैसे पाण्यात. मातीत फॉस्फरस भरपूर असेल तेव्हाही झाड मायकोरायझाला विचारत नाही. म्हणून ऊठसूट बोनमील (फॉस्फरससाठीचा हाडांचा चुरा) टाकणारे आणि वर मायकोरायझा विकत घेणारे लोक बघितले की मला हसू येतं. गूळपाण्याचंही तसंच, थोडं घातलं तर जिवाणू थोडा वेळ उसळतात आणि साखर संपली की बसतात. जास्त घातलंत तर मुंग्या नक्की.

गच्चीकर

बापरे, एवढं सगळं मिळेल वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. बॅगा टबात ठेवल्यात, अक्षरशः बुडबुडे येतायत अजून. दोन शंका राहिल्या. एक, अंड्याची कवचं मी साठवून ठेवलीत, कॅल्शियमसाठी घालू का, कारण टोमॅटोच्या बुडाला काळे डाग आले होते थोड्या फळांना. दोन, एका बॅगेतलं टोमॅटोचं झाड मधेच अचानक मान टाकून गेलं होतं, मुळं काढली तेव्हा गाठी गाठी दिसल्या. ती माती बाकीच्यात मिसळू का?

पानकिडा

थांबा थांबा, ती बॅग वेगळी ठेवा आधी. आणि तिथे वापरलेलं खुरपं धुतल्याशिवाय दुसऱ्या बॅगेत घालू नका.

मुळांवरच्या गाठी म्हणजे मूळगाठ सूत्रकृमी असण्याची दाट शक्यता. वर जे नायट्रोजन मोकळा करणारे सूत्रकृमी म्हणाले ते वेगळे, ते कामाचे, हे मुळात घुसून राहणारे. घेवडा, वाटाणा अशा झाडांच्या मुळांवर चांगल्या गाठीही असतात, नायट्रोजन धरणाऱ्या, पण त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि नखाने सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं, ती सुटत नाही. टोमॅटोला पहिला प्रकार होतच नाही, त्यामुळे तुमच्याकडे शंकेला जागा कमी. आणि इथे मुळंबिळं यांचा मुळं आत ठेवायचा सल्ला लागू नाही, गाठीवाली मुळं शक्य तेवढी वेचून फेका, कंपोस्टमध्येपण नाही.

अचानक मान टाकण्याचं मात्र दुसरंही कारण असतं. पुढे कधी झालं तर खोड बुडापाशी कापून बघा, आत तपकिरी रेषा दिसल्या तर फ्युजेरियमसारख्या बुरशीची मर (झाड कोमेजून मरण्याचा रोग). कापलेला तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगून ठेवा, थोड्या मिनिटांत दुधासारखी धार खाली उतरली तर जिवाणूजन्य मर. यातलं काही निघालं तर त्या मातीत टोमॅटो, मिरची, वांगं, बटाटा ही भावकी नको, फ्युजेरियम मातीत वर्षानुवर्षं टिकतो.

ती एक बॅग वाचवायची असेल तर कडक उन्हाच्या दिवसांत माती ओली करून, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत पातळ थरात बंद करून उन्हात ठेवा. काळं नाही, पारदर्शकच. जमिनीवर हे चार ते सहा आठवडे करतात, पिशवीत माती लवकर तापते. थर्मामीटर खुपसून मधली माती 60 अंश सेल्सिअसला तासभर राहिली असं दिसलं तर सूत्रकृमी आणि बरेचसे रोग जातात. चांगले जीवही बरेच जातात, म्हणून नंतर चांगलं कंपोस्ट मिसळून मुरवायची. एवढा खटाटोप नको असेल तर फुलझाडांच्या कुंडीतही न घालता सरळ टाकून द्या, एका बॅगेसाठी बाकीच्या धोक्यात कशाला.

कवचांचं म्हणाल तर मोठे तुकडे मातीत वर्षं झाली तरी तसेच सापडतात. पिठासारखी दळून घाला, तीही तुमची माती आम्लधर्मी असेल तरच विरघळणार. वर क्षाराचा खरपुडा आहे म्हणता, मग मी तर घालणार नाही. फळाच्या बुडाचे काळे डाग बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम नाही म्हणून नाही, तर पाणी कधी भरपूर कधी ठणठणाट असं झाल्यामुळे फळापर्यंत ते पोचत नाही म्हणून येतात.

मातीत_हात

+1 पानकिडा. आणि गच्चीकर, माती मिसळताना नवीन शेणखत आणणार असाल तर एक छोटी टेस्ट करा. काही तणनाशकं (अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड) गवतावर फवारली की जनावराच्या पोटातून जशीच्या तशी शेणात येतात आणि कंपोस्ट केलं तरी लवकर मोडत नाहीत. शेणखत आणि साधी माती मिसळून दोन कुंड्या, त्याच साध्या मातीच्या शेणखताशिवाय दोन कुंड्या, सगळ्यात घेवडा नाहीतर वाटाणा पेरा, तीन चार खरी पानं येईपर्यंत बघा. खतवाल्या कुंडीतली पानं वाटीसारखी वळलेली, शेंडे पिळलेले दिसले तर ते शेणखत बॅगांच्या जवळपासही आणू नका. मुरायला तसेही दोन चार आठवडे लागणारच आहेत, त्याआधी शेणखत आणून ही पेरणी करून टाका.