मदत हवी आहे: प्रोस्टेटची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण माझे यजमान मनाने खचले आहेत

नमस्कार. माझ्या यजमानांचे वय ६४ आहे. प्रोस्टेट कर्करोगासाठी त्यांची संपूर्ण ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली, त्याला आता सहा महिन्यांहून अधिक काळ झाला. काढलेल्या भागाच्या कडा कर्करोगमुक्त निघाल्या, त्यानंतरच्या तपासण्यांत पीएसए (प्रोस्टेट कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी रक्तात मोजतात ते प्रथिन) ०.१ च्या खाली आहे आणि रेडिएशनची किंवा हार्मोन उपचारांची सध्या गरज नाही, असे सांगण्यात आले आहे. हे सगळे आधीच लिहिते आहे, कारण प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो आणि उत्तर ऐकले की "मग आता काळजी कसली?" असे म्हणून विषय संपवतो. यजमानांशीही लोक असेच बोलतात, त्यामुळे आपल्याला वाईट वाटण्याचा हक्कच नाही अशी त्यांची समजूत झाली आहे.

कॅथेटर काढल्यावर काही काळ लघवीवर ताबा राहणार नाही, याची कल्पना आम्हांला दिलेली होती. आता गळती पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी आहे; खोकताना, शिंकताना किंवा खुर्चीतून एकदम उठताना थोडी होते. मात्र तिची धास्ती कमी झालेली नाही. ते गडद रंगाचीच पँट घालतात, कुठे गेले तर दाराजवळची कडेची खुर्ची धरतात, आणि कोणी विनोद केला तर हसण्याआधी मांड्या आवळून घेतात, मग कसनुसे हसतात. पिशवीत जास्तीचे पॅड घेतले आहेत ना, हे घरातून निघेपर्यंत पुनःपुन्हा तपासतात आणि पुष्कळदा शेवटच्या क्षणी "तू जाऊन ये" म्हणतात. मित्रांचे फोन ते घेत नाहीत.

दुसरी गोष्ट लिहिताना संकोच वाटतो, पण ती वगळली तर प्रश्नच अर्धा राहील. ताठरता परत येण्यास वेळ लागेल, हे शस्त्रक्रियेपूर्वी सांगितले होते; तेव्हा "आधी जीव वाचू दे" म्हणून आम्ही दोघांनीही त्यावर फारसे बोलणे केले नाही. आता रात्री वारंवार उठावे लागते, या सबबीवर त्यांनी आपले अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवले आहे. मी जवळ बसले, खांद्यावर हात ठेवला, तरी ते अंग चोरतात. मला त्यांच्याकडून कसलीही अपेक्षा नाही असे एकदा सांगून पाहिले, त्यावर ते म्हणाले, "तुझी अपेक्षा नसणे हेच मला सहन होत नाही." त्यानंतर काय बोलावे हे मला सुचलेले नाही.

ते रडत नाहीत, उदास बसूनही राहत नाहीत. ते चिडतात. एरवी आवाज न चढवणारा हा माणूस पंख्याच्या बटणावरून, उघड्या राहिलेल्या दारावरून ओरडतो. पहाटे चारच्या सुमारास जाग येते ती येतेच. पीएसएच्या तपासणीची तारीख जवळ आली की जेवण तुटते, आणि आकडा चांगला आल्याचा आनंद दोन-तीन दिवसही टिकत नाही. मागच्या आठवड्यात ते सहज बोलावे तसे म्हणाले, "काढायचे होते ते काढले, आता ठेवण्यासारखे काय उरले आहे माझ्यात?" हे वाक्य मी तेव्हापासून मनातून काढू शकलेले नाही.

जाणकारांना आणि या वाटेने गेलेल्यांना माझे विचारणे असे आहे. एवढ्या मोठ्या आजारानंतर होणारी स्वाभाविक घालमेल कोठे संपते आणि उपचारांची गरज असलेले नैराश्य कोठे सुरू होते, हे घरच्या माणसाने कसे ओळखावे? शल्यचिकित्सकांच्या भेटीत सगळा वेळ अहवालांवर जातो, तेव्हा हा विषय कोणापाशी काढावा? नैराश्यावरच्या गोळ्यांनी ताठरतेची अडचण वाढते असे यजमानांनी कुठेतरी वाचले आहे आणि म्हणून ते मानसोपचारांचे नावही काढू देत नाहीत. त्यात तथ्य किती? त्यांना उच्च रक्तदाबाची गोळी चालू आहे. "सकारात्मक राहा" हा सल्ला आम्हांला भरपूर मिळालेला आहे, तो कृपया पुन्हा देऊ नये. घरगुती काढेही सुचवू नयेत.

प्रतिसाद: स्वानुभवी

ताई, तुमचे लिहिणे वाचताना स्वतःचेच वर्णन वाचतो आहे असे वाटले. माझी हीच शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी झाली. दोन गोष्टी मला उशिरा कळल्या, त्या सांगतो.

गळतीमागचे कारण समजल्यावर माझी लाज बरीच कमी झाली. लघवी रोखण्याचे काम दोन ठिकाणी होते. मूत्राशयाच्या तोंडाशी आपोआप चालणारा जो भाग असतो, तो ग्रंथी काढताना बराचसा जातो आणि सगळा भार खालच्या, आपल्या इच्छेने आवळता येणाऱ्या स्नायूवर येतो. त्या स्नायूला हे काम नव्याने शिकावे लागते आणि बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या वर्षभरात सुधारणा होत राहते. मी केगल व्यायाम, म्हणजे हा स्नायू आवळण्या-सोडण्याचे व्यायाम, कागदावर वाचून करत होतो आणि चुकून पोट आवळत होतो. या विषयातल्या फिजिओथेरपिस्टने नेमका कोणता स्नायू आवळायचा आणि उठण्या-खोकण्याच्या क्षणभर आधी तो कसा आवळायचा, हे शिकवल्यावर फरक पडला. वर्षानंतरही त्रास राहिला तर आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम झडप बसवण्याची शस्त्रक्रिया करता येते.

ताठरतेच्या नसा ग्रंथीला अगदी चिकटून जातात. त्या वाचवल्या तरी हाताळणीने दुखावतात आणि सावरायला दीड-दोन वर्षेही लागू शकतात, म्हणून सहा महिन्यांत निकाल लावू नये. मला कोणी सांगितले नव्हते ते असे की, वीर्य बाहेर येणे कायमचे थांबते, पण स्पर्शाची आणि कामपूर्तीची जाणीव वेगळ्या नसांमधून येते आणि ती ताठरतेशिवायही अनुभवता येते. गोळ्या, निर्वात पंप, इंजेक्शन आणि शेवटी इम्प्लांट असे उपाय आहेत. हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर त्या गोळ्या मात्र अजिबात चालत नाहीत, तेव्हा स्वतःच्या मनाने काही घेऊ देऊ नका. आणि ते अंथरूण… मीही हलवले होते. जवळ गेलो तर पुढची परीक्षा द्यावी लागेल, ही भीती त्यामागे होती. "आज फक्त शेजारी झोपायचे, पुढे काही नाही" असे आधीच ठरवून टाकल्यावर मला श्वास घेता आला.

प्रतिसाद: मानसोपचार क्षेत्रातील एक सदस्य

प्रत्यक्ष न पाहता निदान करता येत नाही, तरी तुम्ही लिहिलेली लक्षणे वाट पाहत बसण्याजोगी नाहीत. पुरुषांमधले नैराश्य पुष्कळदा चिडचिड, माणसांपासून तुटणे, कामात बुडवून घेणे किंवा मद्यपान वाढणे, या रूपांत दिसते. रडू येत नाही म्हणून घरचे ते नैराश्य मानत नाहीत. बहुतेक दिवस मन उदास किंवा चिडके असणे अथवा कशातच रस न वाटणे, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडणे, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ राहणे, ही तपासणी करून घेण्याची वेळ होय. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. तिच्यात २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर तज्ज्ञांना भेटावे.

गोळ्यांबद्दल त्यांनी वाचलेले खोटे नाही, पण अर्धवट आहे. नेहमी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी लैंगिक तक्रारी वाढू शकतात. मिर्टाझापिन किंवा ब्युप्रोपिऑनमध्ये ते प्रमाण कमी असते. डुलोक्सेटिनने काही जणांची गळतीही घटते, परंतु त्याने मळमळ होऊ शकते आणि रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तुमच्या यजमानांच्या बाबतीत ते विचारपूर्वकच द्यावे लागेल. तेव्हा शस्त्रक्रियेची आणि रक्तदाबाची माहिती मानसोपचारतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत द्या. शिवाय प्रत्येकाला गोळी लागतेच असे नाही; समुपदेशन, विशेषतः पतिपत्नींचे एकत्र समुपदेशन, अशा अवस्थेत पुष्कळ उपयोगी पडते.

"काय उरले आहे माझ्यात" या वाक्याबद्दल त्यांना आजच सरळ विचारा: "जगणे नकोसे वाटते का? स्वतःला काही करून घेण्याचा विचार येतो का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचे ओझे हलके होते. कर्करोगाच्या निदानानंतरचे पहिले वर्ष या दृष्टीने अधिक जोखमीचे असते. उत्तर "हो" असेल, किंवा ते उत्तर टाळत आहेत असे वाटले, तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री विचारले. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "करून घेण्याचा विचार नाही, पण सकाळी उठावेसे वाटत नाही." मानसोपचारतज्ज्ञ म्हटल्यावर मात्र मान फिरवली. फिजिओथेरपिस्टकडे जायला तयार आहेत. तेथून सुरुवात केली तर चालेल का?

प्रतिसाद: मानसोपचार क्षेत्रातील एक सदस्य

चालेल, मात्र तेवढ्यावर थांबू नका. झोपेची तक्रार घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. झोप येत नाही हे सांगायला पुरुषांना कमी जड जाते. पीएचक्यू-९ त्यांना स्वतः भरू द्या आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. सकाळी उठावेसे न वाटण्याचे त्यांचे वाक्य तुम्ही डॉक्टरांना त्यांच्यासमोरच, त्यांच्याच शब्दांत सांगा, आणि तसे सांगणार आहात हे त्यांना घरातून निघण्यापूर्वी कळवा. "करून घेण्याचा विचार नाही" हे उत्तर आजचे आहे. तोच प्रश्न काही दिवसांनी पुन्हा विचारा.