कडकनाथ क्रॉसमधले नर फिके आणि तलंगा काळ्या, असं का?

खुराडेवाला:
मंडळी, घरच्या गावरान कोंबड्यांवर कडकनाथचा, म्हणजे काळ्या मांसाच्या जातीचा, कोंबडा सोडला होता. पिल्लं आता मोठी झालीत आणि तलंगा (तरण्या माद्या) सगळ्या काळ्याकुट्ट, जीभसुद्धा काळी, पण नर फिके, कापल्यावर आत कुठे काळपट छटा तर कुठे नेहमीसारखं मांस. गिऱ्हाईक म्हणतं हा कडकनाथ नव्हेच. खाद्य एकच, खुराडं एकच. शिवाय वजनही धरत नाहीत, खाद्यात काही कमी पडतंय का?

ढोरवैद्य:
गावरान कोंबड्यांचे पाय पिवळे नाहीतर पांढरे होते ना? मग खाद्याला दोष देऊ नका. कडकनाथात २० व्या गुणसूत्रावरचा ईडीएन३ जनुकाचा तुकडा डबल झालेला असतो, त्यामुळे रंगाच्या पेशी बेसुमार वाढतात आणि कातडीवर न थांबता मांसावरचे पडदे, हाडावरचं आवरण सगळीकडे घुसतात. सिल्की या काळ्या कातडीच्या चिनी जातीतही हीच भानगड. हे जनुक बापाकडून सगळ्याच पिल्लांना आलंय. पण पिवळ्या-पांढऱ्या पायाच्या कोंबडीकडे रंग दाबणारं वेगळंच जनुक असतं, ते झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर. कोंबड्यांत मादीकडे झेड एकच आणि तो बापाचा, म्हणून आईचं हे दाबणारं जनुक तलंगांना मिळतच नाही, नरांकडे झेड दोन, त्यातला एक आईचा, म्हणून त्यांना मिळतं. बेटसन आणि पनेट या जनुकशास्त्रज्ञांनी शंभरेक वर्षांपूर्वी सिल्की आणि ब्राऊन लेगहॉर्न या पिवळ्या पायाच्या जातीच्या क्रॉसमध्ये हेच बघितलं होतं.

भाकरतुकडा:
वजनाचं मात्र असं एका जनुकावर नसतं, शेकडो जनुकं थोडी थोडी ओढतात. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात १९५७ च्या जातीचे, १९७८ च्या जातीचे आणि २००५ चे रॉस ३०८ या ब्रॉयलर जातीचे पक्षी एकत्र वाढवले होते, खाद्य तिघांना एकच. ५६ दिवसांत वजनं आली ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम. म्हणजे निव्वळ निवड पैदाशीची करामत. कडकनाथाची तशी निवड झालीच नाही, त्याला ब्रॉयलरचं खाद्य घालून खर्चच वाढेल.

पांढरा_रस्सा:
आणि ते काळं म्हणून चविष्ट वगैरे सोडा हो. पाच-सहा महिने फिरलेला पक्षी असला की कोलॅजन (मांस बांधून ठेवणारं तंतूंचं प्रथिन) घट्ट झालेलं असतं, म्हणून चिवट लागतो आणि रस्सा दाट होतो, गावरानलाही तेच. जीआय टॅग (ठराविक भागाच्या मालालाच ते नाव वापरायचा हक्क) २०१८ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथाला मिळालाय, क्रॉसला त्या नावाने विकू नका म्हणजे झालं.

खुराडेवाला:
क्रॉस म्हणूनच सांगतो आता. पण काळे नर हवे असतील तर?

ढोरवैद्य:
त्याच काळ्या तलंगांवर अस्सल कडकनाथ कोंबडा सोडा, पण त्यांचा स्वतःचा बाप नको, दुसरीकडचा आणा. तलंगांकडे दाबणारं जनुक उरलेलंच नाही, त्यामुळे पुढच्या पिढीत नरही काळे निघतील. फिके नर आधी कटिंगला काढा, पैदाशीत ठेवलेत तर पुन्हा तोच घोळ.