गुलमर्ग, जानेवारीअखेर: तीन दिवसांत स्कीइंग जमेल का?

भांडुपकर: नमस्कार. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गुलमर्गला चार रात्री मुक्काम आहे. आम्ही दोघं, मुलं ८ आणि १३ वर्षांची, आणि आई (वय ६८, बीपीची गोळी चालू). बर्फ कोणीच पाहिलेला नाही. तीन दिवसांत स्कीइंग येईल का? कपडे मुंबईतून घ्यावेत की तिथे भाड्याने? आईला गोंडोलाने (केबल कारने) वर न्यावं का?

नडगी_पुढे: येईल, पण तिन्ही सकाळी सलग स्कीइंगलाच द्या. एक तास स्की, मग स्लेज, मग स्नो-बाइक असं केलंत तर फोटो मिळतील, स्की येणार नाही. गोंडोलाच्या पायथ्याजवळचे सौम्य उतार नवशिक्यांसाठी पुरेसे आहेत. पहाटे बर्फ काचेसारखा टणक असतो, म्हणून दहाच्या सुमारास उतरा आणि एकपर्यंत शिका. त्यानंतर मांड्या थकतात आणि बहुतेक पडापडी तेव्हाच होते.

सगळ्यात जास्त वेळ बुटांवर घालवा. भाड्याच्या दुकानात मापाचा आकडा ऐकून बूट घेऊ नका, घालून बघा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकली पाहिजेत आणि टाच अजिबात उचलली जाता कामा नये. आत मोजा एकच, पातळ लोकरीचा, पोटरीपर्यंत. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घातले की चुण्या पडतात, रक्त अडतं आणि पाय उलट लवकर गारठतात. थर्मलची पॅंटही बुटात कोंबू नका, तिची घडी नडगीला काचते.

स्कीची उंची नवशिक्याला हनुवटीपर्यंत ठीक. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, तुमचं वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून लावतात. आधीच्या गिऱ्हाइकाचंच सेटिंग राहिलं तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. म्हणून दुकानदाराला वजन सांगा आणि समोर स्क्रू फिरवून घ्या. आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर नक्कीच. हेल्मेट सगळ्यांना.

उतारावर आधी स्नोप्लाऊ शिकवतील: पुढची टोकं जवळ, मागची लांब. भीती वाटली की माणूस मागे झुकतो आणि तिथेच घोटाळा होतो. वजन मागे गेलं की स्कीची टोकं हलकी होतात, वळत नाहीत आणि वेग वाढतो. नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली हवी, हात समोर दिसायला हवेत. पडायची वेळ आली तर बाजूला, चढाच्या दिशेने पडा. उठताना स्की उताराला आडव्या करा, नाहीतर उठता उठता घसराल.

आजपासून रोज तीस उठाबशा आणि इमारतीचे जिने. वीकेंडला नॅशनल पार्कातून कान्हेरीपर्यंत चालत जा.

लोकर_आणि_लेयर: कपड्यांचं थोडक्यात. अंगालगत थर्मल, वर फ्लीस (मऊ, उबदार जॅकेट), सगळ्यात वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पॅंट. थर्मल, मोजे, हातमोजे मुंबईतूनच घ्या. जॅकेट, पॅंट आणि गमबूट तिथे भाड्याने मिळतात. सुती बनियन घालू नका, तो घाम धरून ठेवतो आणि थांबलात की अंग गार पडतं. मुलांना हातमोज्यांचे दोन जोड द्या, पहिला जोड तासाभरात भिजतोच.

ताज्या बर्फावरून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परततात. त्यामुळे यूव्ही गॉगल ढगाळ दिवशीही लावा आणि सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेलाही, दर दोन तासांनी. बोट पांढरं पडून बधिर झालं तर चोळू नका, शेकोटीवरही धरू नका. आत जाऊन ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

भांडुपकर: बुटांचं हे कोणीच सांगितलं नव्हतं. आणि आईचं?

उंची_मोजा: गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे, गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीला सुमारे ३,०८० मीटरवर, आणि दुसरा अफरवटला ३,९०० मीटरच्या वर. मुंबईकर समुद्रसपाटीवरून दोन दिवसांत तिथे पोचतो. आईंना पहिला टप्पा, तोही तिसऱ्या दिवशी आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून. दुसरा टप्पा त्यांच्यासाठी टाळा. मुलांनाही डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं सुरू झालं तर लगेच खाली आणा, वर बसून गोळीची वाट पाहू नका.

दुसरा टप्पा वारा किंवा हिमस्खलनाच्या धोक्यामुळे अचानक बंद होतो, म्हणून तिकीट ऑनलाइन आधी काढा आणि एक मोकळा दिवस राखा. वरच्या आखलेल्या वाटेबाहेरच्या उतारांवर तुम्ही जाऊ नका. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, आणि तिथे बर्फाखाली गाडला गेलेला माणूस शोधायला बीकन (संदेश देणारं यंत्र), प्रोब (लांब काठी), फावडं आणि ती वापरता येणारी माणसं लागतात.

नडगी_पुढे: दोन गोष्टी राहिल्या. जोरदार बर्फ पडला की टॅंगमर्गच्या (गुलमर्गच्या वाटेवरचं खालचं गाव) वर साध्या गाड्या सोडत नाहीत. टायरना चेन लावलेली किंवा फोर-बाय-फोर गाडी घ्यावी लागते, तिचे पैसे वेगळे धरा. आणि महाराष्ट्राचं प्रीपेड सिम काश्मिरात चालत नाही, निदान एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.