वजन कशानं येतं? कोल्हापूरच्या कारखान्यांतले अनुभव

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पट्ट्यात चांगला सुपरवायझर मॅनेजर झाला की तक्रार ठरलेली: "काम येतंय, पण मीटिंगमध्ये वजन पडत नाही." अशी माणसं ज्यांनी तयार केली आहेत, त्यांनी काय करून घेतलं ते लिहावं. स्वतःच्या कहाण्या नकोत, कृती सांगा.

फाउंड्री, शिरोली
रुबाब वेगळा, वजन वेगळं. वजन वाक्यांच्या क्रमात असतं. आधी काय झालं, मग कारण, मग उपाय आणि वेळ. "काल रिजेक्शन 7 टक्के. ब्लोहोल (कास्टिंगमध्ये राहिलेली वायूची पोकळी). वाळूत ओल जास्त झाली. मिक्सरचं पाणी कमी केलंय, पुढची 20 कास्टिंगं बघून 2 वाजता सांगतो." वीस सेकंदांत संपतं. बहुतेकजण उलटीकडून सुरू करतात: रात्री पाऊस होता, वाळूचा ट्रक उशिरा आला, अमका रजेवर. तिसऱ्या वाक्याला मालक मोबाइल काढतो. किती बिघडलंय हे कळेपर्यंत त्याला बाकी सगळी सबबच वाटते.

आकडा माहीत नसेल तर "आत्ता नाही, 11 ला देतो" म्हणा आणि 11 ला द्या, अर्धवट असला तरी. अंदाजानं ठोकलेला आकडा दुपारी बदलला की पुढं तुमचा प्रत्येक आकडा कुणीतरी तपासून बघतो. हे नुकसान लई दिवस पुरतं.

मशीन शॉप, गोकुळ शिरगाव
शॉपवर मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय लागते, आणि तोच आवाज काचेच्या केबिनमध्ये भांडणासारखा वाटतो. आत येताना दारात एक श्वास पूर्ण सोडायचा, मगच बोलायचं. दुसरं, वाक्याचा शेवट खाली आणा. "उद्या माल जाईल ना... म्हणजे जावा" असं बोललं की समोरचा तारीख लिहून घेत नाही. तीन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि 'म्हणजे', 'बेसिकली', 'ते काय' किती वेळा आलं ते मोजा. पहिल्यांदा ऐकताना लाज वाटते, वाटू दे. कोल्हापुरी हेल मात्र घालवू नका. पुण्याच्या ग्राहकाला हेलाचा त्रास नसतो, लांबलचक वाक्यांचा असतो.

ट्रेनिंग देणारी
कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहा म्हणजे हार्मोन बदलतात, हे अजून शिकवलं जातं. तो दावा 2010 च्या 42 जणांवरच्या अभ्यासातला. 2015 मध्ये 200 जणांवर तपासला तेव्हा हार्मोनचा फरक दिसला नाही. ती दोन मिनिटं पहिलं वाक्य पाठ करायला वापरा.

क्वालिटी विभाग, कागल
बाई प्रमुख असेल तर पहिली अडचण मध्येच तोडण्याची. आवाज न चढवता एवढंच: "माझं वाक्य पूर्ण करते, मग तुमचं ऐकते." आणि खरंच ऐकायचं, नाहीतर पुढच्या वेळी हे वाक्य चालत नाही. दाराजवळची खुर्ची घेऊ नका, तिथं बसलेल्याकडं चहा आणि फायली आपोआप येतात. टेबलाच्या मधोमध बसा. मीटिंगचा गोषवारा दर वेळी तुमच्याच गळ्यात पडत असेल तर "या वेळी स्टोअर लिहील" असं सुरुवातीलाच ठरवा.

साखर कारखाना
तिशीतल्या इंजिनिअरनं पंचावन्नच्या फिटरला "ए" म्हटलं की त्याचा हुकूम गेला. मामा, तात्या, आण्णा म्हणा, पण काम स्पष्ट सांगा: कोणता पंप, किती वाजेपर्यंत. "मामा, जरा बघा की" हे काम सांगणं नव्हे. चूक चौघांत काढू नका, बाजूला घेऊन बोला. चौघांत काढली तर तो पुढची चूक लपवतो आणि तुम्हाला ती गाळपाच्या ऐन हंगामात कळते.

आणि कामाच्या जागी स्वतः जा. शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेतला. नुसत्या फर्मानानं शिवाशिव मोडली नसती. रात्रपाळीत आठवड्यातून एकदा 15 मिनिटं मिलमध्ये उभं राहिलं तरी सकाळच्या मीटिंगमध्ये तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं.

एक्स्पोर्ट ऑफिस
व्हिडिओ कॉलला लॅपटॉपखाली कागदाची दोन रिमं ठेवा, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येतो. खिडकी पाठीमागं असली की तोंड काळं दिसतं. पंखा बंद करा.