वीजबिलात तीस टक्के कपात आणि सौरऊर्जेवर भर: महायुतीचं हे वचन तुम्हाला पटतं का?

दिवसपाळी (धागाकर्ता)

५ नोव्हेंबर २०२४ ला कोल्हापूरच्या सभेत महायुतीने दहा वचनं दिली. लाडक्या बहिणीचे २१०० आणि कर्जमाफी यांचा एवढा धुरळा उडाला की एका वचनाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. वीजबिलात ३० टक्के कपात आणि सौर व अक्षय ऊर्जेवर भर, असं ते वचन. यातली कपात मला निवडणुकीतली थाप वाटते. सौरऊर्जेचं काम मात्र, निदान त्यातला शेतीचा भाग, गेल्या कित्येक वर्षांत शेतीच्या विजेबाबत झालेलं सगळ्यात शहाणं काम वाटतं.

असं का वाटतं, ते सांगतो. आमचं गाव नगर जिल्ह्यात. थ्री फेज, म्हणजे मोटारीची वीज, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की वडील साडेअकराला बॅटरी आणि काठी घेऊन पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला निघायचे. ते परत येईपर्यंत आई जागीच. लाईट गेली तर वडील बांधावरच बसून राहायचे, कारण घरी आलं आणि लाईट आली तर पाणी दुसरीकडेच जाणार. आता त्या पट्ट्यात उसात बिबटे आहेत. रात्री पाणी भरणं म्हणजे काय, ते ज्याने भरलंय त्यालाच विचारा.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची. राळेगणसिद्धी आणि यवतमाळचं कोळंबी इथून सुरुवात झाली, मग बरीच वर्षं रखडली आणि २०२३ मध्ये २.० म्हणून पुन्हा उभी राहिली. उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत अर्धा ते पंचवीस मेगावॉटचे प्रकल्प लावायचे आणि ती वीज तिथल्याच शेतीच्या फिडरवर, म्हणजे शेतीला वीज देणाऱ्या वेगळ्या लाईनवर, सोडायची. शेतकऱ्याची मोटार तीच, स्टार्टर तोच. फक्त वीज दिवसा. खासगी जमीन दिली तर हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडं, त्यात दरसाल ३ टक्के वाढ. लक्ष्य आधी ७००० मेगावॉट होतं, मग ९००० झालं, आता १६,००० म्हणतात. वीज मिळते युनिटला तीन रुपयांच्या आसपास. कोळशाची वीज लांबून आणून, वाटेत गळती सोसून बांधावर पोचवायला जेवढा खर्च येतो, त्याच्या मानाने हे स्वस्तच.

विरोध जरूर करा, पण नक्की कशाला विरोध आहे ते सांगून करा, एवढंच म्हणणं आहे.

कोरडवाहू

भाऊ, तुमच्या वडिलांचं वाचून गलबललं. पण आमच्याकडचं ऐका. मी जालन्याकडचा. विहिरीवर मोटार बसवायची म्हणून कोटेशन भरलं, पावती आली. दोन वर्षं ना खांब ना डीपी. मग सांगितलं, आता विजेचं कनेक्शन मिळत नसतं, सौर पंप घ्या. घेतला. पाच एकराच्या आत म्हणून ५ एचपी. विहीर जानेवारीत आटते, मग बोअरशिवाय इलाज नाही, आणि बोअर साडेसहाशे फूट. त्या खोलीवर आमचा पंप दुपारी बारा ते तीन पाणी देतो, तेही ऊन कडक असलं तर. ढग आला की धार करंगळीएवढी.

मे महिन्यातल्या वावधनात दोन सौर पाट्या उडाल्या. पाच वर्षं दुरुस्ती फुकट, असं लिहून दिलंय. तक्रार नोंदवली. पुरवठादाराचा माणूस तीन महिन्यांनी आला, फोटो काढून गेला. फोटो छान आलाय म्हणे.

दिवसपाळी

तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण तुम्ही सांगताय ती मागेल त्याला सौर कृषी पंप योजना. मी बोलतोय फिडरबद्दल. दोन्ही वेगळे विषय आहेत. फिडरवर ढग आला तर मागे ग्रिड असतं, पंपाच्या मागे काहीच नसतं.

कोरडवाहू

तुमच्यासाठी वेगळे. पोस्टरवर एकाच सूर्याखाली छापलेत. आणि योजनेचं नाव "मागेल त्याला" असलं तरी मी मागितलेलं वेगळंच होतं.

जुनं_बाड

निवडणुकीतली वीज या विषयावर आमच्या पिढीचा जरा अभ्यास आहे. १९९५ ला शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन कंपनीचा दाभोळचा वीज प्रकल्प अरबी समुद्रात बुडवतो म्हणून मतं घेतली. सत्तेत आल्यावर रद्दही केला आणि पुढच्याच वर्षी नवा करार करून परत आणला. २००४ मध्ये काँग्रेस आघाडीच्या सरकारने निवडणुकीआधी कृषिपंपांना शून्य बिल दिलं आणि निवडून आल्यावर वर्षभरात काढून घेतलं. डिसेंबर २०१२ पर्यंत महाराष्ट्र भारनियमनमुक्त होणार होता, तो मुहूर्त आम्ही मेणबत्ती लावून साजरा केला. त्यामुळे ३० टक्के हा आकडा बघून मला राग येत नाही की आनंद होत नाही. मीटर बघून सांगतो.

आता २०२५ ची गंमत. मार्चअखेर वीज नियामक आयोगाने दर कमी करणारा आदेश दिला. त्याला स्थगिती कुणी मागितली? महावितरणने. जूनमध्ये सुधारित आदेश आला आणि मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, पहिल्या वर्षी १० टक्के, पाच वर्षांत २६ टक्के कपात. तीसचे सव्वीस झाले, तेही पाच वर्षांत. घासाघीस चालू ठेवा.

निवृत्त_लाईनमन

तेहतीस वर्षं खांबावर काढली, म्हणून दोन शब्द.

धागाकर्त्याचं बरोबर आहे. रात्रीच्या पाळीने माणसं गेली आहेत, आमचीही गेली आहेत. रात्री बाराला फ्यूज टाकायला चिखलातून जाणं काय असतं, ते ज्यांच्या वायरमनला शिव्या देऊन झाल्या आहेत त्यांनी एकदा करून बघावं. फिडर दिवसा चालला तर आम्हालाही झोप मिळेल.

पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. ९००० मेगावॉट म्हणा की १६,००० म्हणा, ही सगळी दुपारची वीज. सूर्य सहाला घरी जातो आणि गिऱ्हाईक सातला घरी येतं. तेव्हा पंखे, टीव्ही, एसी, सगळं एकदम. ती वीज कोळशाचीच, नाहीतर पाण्याची. कोयना १९६० मेगावॉटची आहे, पण तिचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने बांधून दिलंय, पश्चिमेकडे वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी (अब्ज घनफूट). दुपारच्या स्वस्त विजेने खालचं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी सोडायचं, हा खरा उपाय. घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचं तसं केंद्र चालू आहे. आता तशा प्रकल्पांचे करार भराभर होतायत, पण डोंगर पोखरायला वर्षं लागतात. पाट्या मात्र सहा-आठ महिन्यांत उभ्या राहतात. एक पाय सशाचा, एक कासवाचा.

आणि ज्या उपकेंद्रात ही वीज येणार, तिथला ट्रान्सफॉर्मर दर उन्हाळ्यात जळतो. आधी तो बघा.

गच्चीवरची

मी पुण्याची. शेतीतलं मला कळत नाही, गच्चीचं सांगते. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या सौर पाट्या लावल्या, ७८ हजारांचं अनुदान वेळेवर जमा झालं, कुणाला एक रुपया द्यावा लागला नाही. आधी उन्हाळ्यात अडीच-तीन हजार बिल यायचं, आता फक्त स्थिर आकार आणि किरकोळ. ज्यांना सगळंच खोटं वाटतं त्यांनी येऊन बिल बघा, चहा देईन.

लाईनमनकाकांचा संध्याकाळचा मुद्दा मला पटतो. पण म्हणून दुपारची वीजही नको का?

भाडेकरू_दुसरा_मजला

ताई, अभिनंदन. पण गच्ची कुणाची? माझ्या घरमालकाची. वर पाणी तापवायचा बंब आणि त्याचं लोणच्याचं ऊन. चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या, फ्लॅट भाड्याने घेतलेल्या माणसाला हा सूर्य दिसतच नाही. ज्याच्याकडे छप्पर आणि हप्ता भरायची ऐपत, त्याचं बिल शून्य, आणि तारा-खांबांचा खर्च उरलेल्यांवर.

बरं, आम्हाला काय दिलंय, तर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज वापरली तर युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सूट, तीही नवीन मीटर असेल तर. नऊ ते पाच मी कुठे असतो? कंपनीत. सूट कंपनीचा पंखा घेणार.

गच्चीवरची

तुमचा राग रास्त आहे, पण तो माझ्या गच्चीवर काढू नका. साताऱ्याकडे पाटण तालुक्यात मान्याचीवाडी नावाचं छोटं गाव आहे, अख्खं सौरग्राम झालं. तिथे सगळे बंगलेवाले नाहीत. सोसायट्यांनी सामाईक गच्ची वापरली, पालिकांनी शाळांची छपरं दिली, तर भाडेकरूंनाही वाटा मिळू शकतो. मागणी ती करायला हवी.

भाडेकरू_दुसरा_मजला

आमच्या सोसायटीत लिफ्टचा दिवा बदलायला तीन मीटिंगा लागतात.

गायरान

इथे सगळे वीज मोजतायत, जमीन कुणीच मोजत नाही. एक मेगावॉटला चार-पाच एकर धरा. १६,००० मेगावॉट म्हणजे चौसष्ट ते ऐंशी हजार एकर. खासगी मालकाला हेक्टरी सव्वा लाख मिळतात, ठीक. पण योजनेत सरकारी जमीनही घेतात, आणि सरकारी म्हणजे पुष्कळ ठिकाणी गायरान. त्यावर धनगराची मेंढरं, भूमिहीनाची चार शेरडं, गावाचं सरपण. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही, म्हणून भाडंही नाही. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षं. त्यातून पेव्हर ब्लॉक येतात. शेळी पेव्हर ब्लॉक खात नाही.

धुळे जिल्ह्यातलं विखरण आठवतं ना? तिथलीही जमीन वीज प्रकल्पासाठीच घेतली होती, आधी औष्णिक, मग सौर म्हणून. मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेल्या ऐंशी पार केलेल्या शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं. ऊर्जा हिरवी असली म्हणून भूसंपादन हिरवं होत नाही.

दिवसपाळी

विखरणबद्दल बोलायला माझ्याकडे तोंड नाही. लाजिरवाणंच होतं ते. पण तिथे जमीन कायमची संपादित केली होती, इथे भाडेपट्टा आहे, मालकी शेतकऱ्याकडेच राहते. विखरणसारखं पुन्हा होऊ नये यासाठी हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. गायरानाचं तुमचं म्हणणं मात्र खोडता येत नाही. ग्रामसभेचा ठराव नुसत्या सहीपुरता नको, मेंढपाळाला बोलावून व्हायला हवा.

पक्कं_मत

एकंदरीत सत्ताधाऱ्यांची जाहिरात छान जमली आहे. किती मिळाले?

दिवसपाळी

रात्रीच्या पाळीची झोप मिळाली. मत कुणाला दिलं ते विचारू नका, दिलेलं मत पडलं.

आकडेमोड

तीस टक्क्यांचा हिशेब कुणी करत नाहीये, म्हणून थोडक्यात. राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या ४४ लाख शेतकऱ्यांना २०२४ पासून पाच वर्षं मोफत वीज आहे. बळीराजा वीज सवलत योजना, वर्षाला १४,७६० कोटींचा भार. सौर फिडरने शेतीची वीज स्वस्त झाली की पहिला फायदा या अनुदानाला, म्हणजे तिजोरीला. दुसरा फायदा उद्योगांना, कारण शेतीचा बोजा वर्षानुवर्षं तेच जास्त दर देऊन वाहतात आणि आता कारखाने दुसऱ्या राज्यात जायच्या गोष्टी करतात. घरगुती ग्राहक रांगेत तिसरा. त्याच्यापर्यंत काही उरलं तर उरलं. म्हणून धागाकर्त्याशी सहमत. सौरऊर्जा खरी आहे, तीस टक्के घरात येतील याची खात्री नाही.

एक गोष्ट मात्र त्यालाही विचारतो. शेतकऱ्याला बिल शून्यच आहे, तर दिवसा वीज मिळाल्यावर तो मोटार बंद का करेल? ऊस आणि रिकामे बोअर, दोन्ही वाढणार. सूर्य फुकट आहे, भूजल नाही.

कोरडवाहू

बंद करायला आधी चालू तर होऊ द्या.

निवृत्त_लाईनमन

आकडेमोड, मुद्दा जड आहे. लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो स्विच लावून शेतकरी झोपतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तो ऑटो स्विच लावतो तेही रात्रीच्या पाळीमुळेच. दिवसा माणूस स्वतः उभा राहून पाणी देतो, वाफा भरला की दार मोडतो. माझ्या अनुभवात दिवसा पाणी कमी लागतं. पुस्तकात काय आहे ते मला माहीत नाही.

कोरडवाहू भाऊ, कोटेशनची पावती जपून ठेवलीय ना? ती घेऊन उपविभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं "मिळत नसतं" ऐकून परत फिरू नका. नाही म्हणायचं तर त्यांनाही लिहूनच म्हणू द्या. आणि तुमच्या उपकेंद्रावर सौर प्रकल्प मंजूर आहे का, ते तिथेच विचारा. असेल तर फिडर दिवसा होईल, मग पावतीवर भांडण्यात अर्थ आहे.

कोरडवाहू

आहे काका, पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवामागं ठेवलीय. सोमवारी जातो उपविभागात.

बाकी चर्चा वाचीन सावकाश. पाट्या बसेपर्यंत भावाच्या मोटारीवरून पाणी घेतोय, आणि त्याच्या फिडरला या आठवड्यात रात्रीची पाळी. बाराला लाईट येणार, निघतो.

दिवसपाळी

काठी घेऊन जा.